मोठ्या साहेबांचा आवाज

बंगळुरातल्या आमच्या येलहंक्याच्या घरात कुणाचंच बोलणं सलग पूर्ण व्हायचं नाही, कारण मध्येच विमान यायचं. हवाई दलाचा तळ जवळ, शिकाऊ वैमानिकांच्या घिरट्या सकाळपासून सुरू, आणि विमान डोक्यावर आलं की घरातला माणूस जिथे असेल तिथे, तोंडातलं वाक्य तसंच धरून थांबायचा. थांबायचे नाहीत ते फक्त माझे वडील. अप्पा एका सरकारी कारखान्यात इंजिनांच्या चाचणी विभागात होते. दिवसभर त्याहून मोठ्या आवाजात उभं राहून त्यांचं काम चालायचं, त्यामुळे वरून विमान गेलं काय आणि नाही गेलं काय, ते आपले बोलतच राहायचे. ऐकू काहीच यायचं नाही. नुसते ओठ हलायचे, डावी भुवई वर चढायची, एक बोट हवेत कुणाला तरी दम द्यायचं. मी समोर बसून ते टक लावून बघायची. आवाज काढून घेतला की माणूस कसा लख्ख दिसतो, हे मला तिथे कळलं. आज कुणी मुलाखतीत विचारतं, तुमचे गुरू कोण? मी सांगते, विमान. ते हसतात, त्यांना वाटतं मी विनोद केला.

आईला माझ्या या नकला करण्याच्या गुणाचं कौतुक होतं आणि तापही होता. आमच्या गल्लीत सकाळी पालेभाजीवाला यायचा, ‘सोप्पू, सोप्पू’ असं नाकातून ओरडत. मी सातवी-आठवीत असेन, सुट्टीच्या दिवशी दाराआडून त्याच्यासारखी हाळी घालायची आणि आख्ख्या गल्लीतल्या बायका टोपल्या घेऊन बाहेर. शेजारच्या सरोजाक्का तर मेथीसाठी दोनदा फसल्या. तिसऱ्यांदा मात्र खरा भाजीवाला आला तेव्हा त्या बाहेरच आल्या नाहीत आणि त्या दिवशी त्यांच्याकडे भाजीच झाली नाही. कुकरच्या शिट्टीचीही मी हुबेहूब नक्कल करायची. आई पलीकडे कपडे वाळत घालत असायची, शिट्ट्या मोजून गॅस बंद करायला यायची, आणि मग दुपारी अप्पांच्या ताटात कच्चीच डाळ. अप्पांनी एक घास चावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “सुनी, ही शिट्टी तुझी होती.” मी मान डोलावली. “बरी होती,” ते म्हणाले, आणि मग शांतपणे ताक-भात मागितला. अप्पांकडून मिळालेली तेवढीच शाबासकी, पुढची कितीतरी वर्षं.

घरात आमची भाषा म्हणजे आईची साताऱ्याकडची मराठी, आणि तिच्यात गल्लीतून येऊन बसलेली कन्नड. ‘स्वल्प सर’, ‘सरी बाबा, सरी’ असं आम्ही आपसातसुद्धा म्हणायचो, स्वल्प म्हणजे जरा आणि सरी म्हणजे बरं. आमच्याकडे कटाची आमटी झाली की भिंतीवरून सरोजाक्कांकडे जायची, त्यांच्याकडून सारू, म्हणजे त्यांचं तिखट सार, यायचं, आणि दोन्ही घरांत समज असा, की आपण दिलं ते जास्त चवदार. सरोजाक्का, त्यांची सासू, आमचे गणिताचे मास्तर, रेशनच्या दुकानातला जांभया देणारा माणूस, सगळे माझ्या पोतडीत होते. एक गोष्ट मात्र मी आपली आपणच ठरवून टाकली होती. माणसाच्या व्यंगावर हात घालायचा नाही. तोतरा असेल, लंगडा असेल, ते त्याचं दुखणं. पण तो बोलण्याआधी खिसा चाचपत असेल, किंवा ‘खरं सांगायचं तर’ म्हणून हमखास थाप मारत असेल, तर तो माझा. आजही कार्यक्रमाला बोलावणारे कंपन्यांचे लोक मला विचारतात, “मॅम, कुणी हर्ट होणार नाही ना?” सर्जापूर रोडवरच्या त्या मोठमोठ्या सोसायट्यांत राहणारी, पुण्या-नागपूरहून आलेली पोरं असतात, वयाने माझ्या मुलांएवढी. ती मला ‘डूज अँड डोन्ट्स’ अशी फाइलच पाठवतात. मी ती मनापासून वाचते आणि त्यांना सांगते, की बाळांनो, यातलं सगळं मी दहावीच्या आत ठरवून मोकळी झाले होते.

कॉलेजात असताना मला नागराज अण्णा भेटले. त्यांचा गाण्यांचा ऑर्केस्ट्रा होता. लग्नं, गणपतीचे मांडव, राज्योत्सव, कुठेही जायचे. गायक-गायिकांना घसा ओला करायला वेळ लागतो, तेवढ्यात लोक उठून जातात, म्हणून त्यांना दोन गाण्यांच्या मध्ये पाच मिनिटं भरणारा माणूस हवा असायचा. तो माणूस मी झाले. नागराज अण्णा पोट सुटलेले, कपाळाला कुंकू, बोलायला अत्यंत गोड, आणि मला मुलीसारखं वागवायचे. घरी आईला माहीत होतं, अप्पांना अर्धंमुर्धं. मुलगी ऑर्केस्ट्रात ‘मदत करते’, एवढंच त्यांना सांगितलेलं. खरं सांगते, मला त्या पाच मिनिटांतच कळून चुकलं होतं, की मला हे येतं. लाजणं, हातपाय गार पडणं, हे माझ्या वाट्याला कधी आलंच नाही. समोर माणसं बसली की माझी तब्येत खुश व्हायची.

अशात मी बँकेची परीक्षा पास झाले. दिली होती अप्पांच्या समाधानासाठी, आणि बसले होते तेव्हा उत्तरं येत गेली, त्याला मी काय करणार? नेमणूक झाली, रुजू व्हायचा सोमवार ठरला. आईने खीर केली. सरोजाक्कांनी म्हैसूरपाक आणून दिला. आणि त्याच आठवड्यात नागराज अण्णा सायकलवरून घरी आले. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्याचा वार्षिक दिवस होता, शनिवारी. कारखानेवाल्यांना गाणी नको होती. गेल्या वर्षीच्या गाण्यांत कामगार झोपले म्हणे. त्यांना नकलांचा कार्यक्रम हवा होता, पूर्ण एक तासाचा, आणि त्यात त्यांच्या मोठ्या साहेबांची, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टरची नक्कल. साहेबांना न कळवता.

अप्पांसमोर सगळं बाहेर आलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी भांडले असते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“हे तू किती दिवस करणार?” त्यांनी विचारलं.

“कायम,” मी म्हटलं.

“कायम असं काही काम असतं का याचं? बँक कायम असते.”

“अप्पा, मला हे येतं. बँक मला येणार नाही.”

“येतं, असं प्रत्येकालाच वाटतं.” त्यांनी चष्मा परत घातला. “शनिवारी मी तुझ्याबरोबर येतो. टाळ्या कुणीही वाजवतो, त्या मी धरणार नाही. मी ऐकेन. मला पटलं तर बघू. नाही पटलं, तर सोमवारी निमूटपणे बँकेत रुजू व्हायचं आणि हा विषय या घरात पुन्हा नाही. सरी?”

“सरी,” मी म्हटलं. मनातून मला आनंदच झाला. मला वाटलं, एवढंच ना?

तयारीला म्हणून बुधवारी अण्णा मला कारखान्यात घेऊन गेले. हे आमच्या कामातलं खरं काम. कार्यक्रमाच्या आधी त्या जागी जाऊन बसायचं आणि कान उघडे ठेवायचे. आता मला मीटिंगची रेकॉर्डिंग पाठवतात, मी घरी चहा पीत साहेब पाठ करते. तेव्हा जाऊनच बसावं लागे. तिथल्या पर्सोनेल ऑफिसरने मला मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसवलं, कुणी विचारलं तर नोकरीसाठी आली आहे म्हणून सांग असं बजावलं, आणि तो निघून गेला. केबिनच्या दाराला धुरकट काच होती. आत दोन माणसं. एकाचा आवाज असा दणदणीत, की काच थरथरावी. प्रत्येक वाक्याआधी मोठ्याने घसा खाकरायचा, मग तळहातावर मूठ आपटल्याचा आवाज, मग वाक्य, आणि शेवटी ‘होय की नाही?’ दुसरा माणूस काहीतरी पुटपुटायचा, ते अर्धं कळायचं, अर्धं नाही. भांडण चाललं होतं कँटीनवरून. नाश्त्याला रोज उप्पीट. सोमवारी उप्पीट, मंगळवारी उप्पीट. दणदणीत माणूस त्या उप्पिटावर असा तुटून पडला होता, की मला बाकावर हसू आवरेना. शेवटी दार उघडलं आणि तो बाहेर आला, पांढरा शर्ट, छाती पुढे, व्हरांडा आपल्या बापाचा असल्यासारखा चालत गेला. मी ती चालही उचलली. कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? जो ओरडतो तो साहेब. तोपर्यंतच्या माझ्या आयुष्यात असंच होतं.

तीन दिवस घरात मोठे साहेब वावरत होते. मी खाकरून चहा मागायची, मूठ आपटून पाणी तापलं का विचारायची. आई हसून हसून बेजार. अप्पा पेपरामागे. पण पेपराचं पान उलटत नव्हतं, हे मला दिसत होतं.

शनिवारी होसूर रोडवर एक ट्रक आडवा बंद पडला होता आणि आमचा टेम्पो दोन तास त्याच्या मागे. पोचलो तेव्हा हारतुरे, भाषणं, बक्षिसं सगळं उरकून गेलं होतं, लोक वाट बघत होते, आणि मला थेट स्टेजवरच ढकललं गेलं. कारखान्याच्या आवारात शामियाना, पुढे साहेबलोकांचे सोफे, मागे खुर्च्या, त्यामागे उभी माणसं. अप्पांना दुसऱ्या रांगेत कडेला जागा मिळाली. हाताची घडी घालून बसले. पहिली वीस मिनिटं मी अशी काही रंगवली की बस. भाजीवाला झाला, रेल्वेतली घोषणा झाली, मुलगी बघायला आलेली मंडळी झाली. लोक माझ्या मुठीत होते. मग मी माइक सारखा केला आणि जाहीर केलं, “आता तुमचे मोठे साहेब.”

खाकरले. मूठ आपटली. “हे बघा, मी एकदाच सांगतो. होय की नाही?”

शांतता. आणि ती हसण्याआधीची नव्हे. मागून कुणीतरी एकजण फुसकन हसला आणि दबला. मी आणखी जोरात दुसरं वाक्य टाकलं. आता माना वळायला लागल्या, पण पुढच्या सोफ्यांकडे नव्हे. सगळ्या माना उलट्या, मागे, सहाव्या-सातव्या रांगेतल्या एका माणसाकडे. पांढरा शर्ट, छाती पुढे. तोच तो. कामगारांमध्ये बसलेला, आणि त्याचं तोंड उघडं पडलेलं. तीन दिवस मी ज्यांना मोठे साहेब म्हणून पाठ केलं, ते कामगार युनियनचे पुढारी होते.

लोक म्हणतात अशा वेळी डोळ्यांपुढे अंधारी येते. मला उलट सगळं स्पष्ट दिसायला लागलं. दुसऱ्या रांगेत अप्पा पुढे झुकले होते. घरी तीन दिवस त्यांनी हाच आवाज ऐकला होता, काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळलं होतं. मला सोमवार दिसला, बँकेचं काउंटर दिसलं, आणि त्याच्या मागे मी. आणि तेवढ्यात पहिल्या सोफ्यावरचे एक बारीक, चष्मेवाले गृहस्थ शेजाऱ्याकडे कलले आणि पुटपुटले, “स्वल्प थांबा... हा तर आपला रामण्णा.” वाक्याचं शेपूट गिळलेलं, चष्म्याची काडी दोन बोटांत धरलेली. मी स्टेजच्या कडेलाच होते, आणि शामियान्यात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तो आवाज! काचेपलीकडे पुटपुटत होता तो हाच. बुधवारी अर्धामुर्धा कानावर पडलेला आवाज पुरा झाला. एक वाक्य मला पुरेसं होतं.

स्टेजवर एक खुर्ची होती. मी दोन पावलांत तिच्यावर जाऊन बसले, खांदे पाडले, नसलेल्या चष्म्याची काडी दोन बोटांत धरली, आणि मघाच्या दणदणीत रामण्णांना त्या बारीक, अर्ध्या गिळलेल्या आवाजात उत्तर दिलं, “स्वल्प... हळू बोला, रामण्णा. बाहेर बाकावर एक मुलगी बसलीय. ती सगळं ऐकतेय.”

शामियाना फुटला. त्याला दुसरा शब्द नाही. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. मी उठून रामण्णा झाले, बसून साहेब झाले, आणि उप्पिटाचं ते आख्खं भांडण लोकांपुढे मांडलं. रामण्णा मूठ आपटून म्हणायचे, “सहा दिवस उप्पीट खाऊन माझ्या माणसांच्या पोटात सिमेंट झालंय. होय की नाही?” साहेब काडी फिरवत म्हणायचे, “स्वल्प... मी पण तेच खातो, रामण्णा. घरीसुद्धा.” ते घरचं माझं. तोंडात आलं आणि मी सोडून दिलं. पुढच्या सोफ्यावर एका बाईंनी पदर तोंडाला लावला, त्या साहेबांच्या पत्नी निघाल्या. शेवटी मी साहेबांच्या आवाजात म्हटलं, “सरी, सरी. गुरुवारी उप्पीट बंद. इडली.” खरे रामण्णा मागून उठून दोन्ही हात वर करून उभे. आणि मग ते बारीक गृहस्थ सावकाश स्टेजवर आले, माझ्या हातातून माइक घेतला, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच, असं मला नंतर कळलं, स्वतःहून चार शब्द बोलले. “स्वल्प... मी आत्ता जे काही बोललो, ते मला मान्य आहे.”

पुढे माझं जे काही नाव झालं, ते या एका गोष्टीवर. भांडणाऱ्या दोघांना एकाच तोंडात बसवायचं. सेल्स आणि फायनान्स, हेड ऑफिस आणि शाखा, अमेरिकेतला बॉस आणि इथली टीम. बंगळुरातली कुठली कंपनी असो, दोन माणसं एकमेकांचं ऐकत नसतात, आणि माझ्या तोंडून ऐकतात. लोक म्हणतात, काय कल्पना आहे! मी मान खाली घालून कौतुक घेते. ती कशी सुचली, हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या शामियान्यात ते कळलं होतं फक्त अप्पांना. परतीच्या टेम्पोत ते ड्रायव्हरशेजारी पुढे बसले, मी मागे वाद्यांच्या पेट्यांमध्ये. नागराज अण्णा आनंदाने गात होते. हेब्बाळ आलं, गेलं, अप्पांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. माझा सगळा तोरा उतरला. त्यांनी टाळ्या धरायच्या नाहीत असं आधीच सांगितलं होतं, आणि माझी चूक त्यांच्या कानांनी पकडली होती. चूक ती चूक. इंजिनात एक ठोका चुकीचा वाजला तर अप्पा आख्खं इंजिन परत पाठवायचे. ते मला परत पाठवणार, हे मी धरून चालले.

घरी आईने पानं मांडली. पिठलं होतं, भाकरी होती, सरोजाक्कांकडून आलेली हुरळीची, म्हणजे कुळथाची, भाजी होती. अप्पा भाकरी मोडत राहिले. शेवटी आईच म्हणाली, “अगं, कसं झालं ते सांगाल की नाही कुणी?”

मी तोंड उघडणार, एवढ्यात अप्पांनी घसा खाकरला. मला वाटलं, झालं, आता निकाल. पण ते परत खाकरले, जरा मोठ्याने, आणि त्यांनी डाव्या तळहातावर मूठ आपटली. उष्टा हात. पिठलं उडालं.

“हे बघा,” अप्पा आईला म्हणाले, “मी एकदाच सांगतो. होय की नाही?”

आईने गालावर उडालेलं पिठलं पुसलं.

“हा रामण्णा,” अप्पांनी खुलासा केला. “आणि हिला वाटलं हाच साहेब. सगळी माणसं गप्प. मी म्हटलं, संपलं. मग साहेब, खरे साहेब, खाली बसून एकच वाक्य बोलले. एकच! आणि हिने...” ते पानावरून उठले, कोपऱ्यातला स्टूल ओढून त्यावर बसले, खांदे पाडले, “हिने असं केलं. ‘स्वल्प... हळू बोला, रामण्णा.’ ” ते उठले, बसले, पुन्हा उठले. उप्पिटाचं सगळं भांडण त्यांनी आईला करून दाखवलं. रामण्णा आणि साहेब दोघेही अप्पांच्याच आवाजात बोलत होते, रामण्णाच्या हातात चष्म्याची काडी आली, साहेब मूठ आपटू लागले, गुरुवारचा बुधवार झाला. आई डोळे पुसत हसत होती. इतकी वाईट नक्कल मी जन्मात पाहिली नाही. आणि मी तिथे पाटावर बसून रडत होते, कारण अप्पांना त्यातला शब्द न् शब्द आठवत होता.

“अहो, पण सोमवारचं काय?” हसू आवरून आईने विचारलं.

अप्पा स्टुलावर बसून धापा टाकत होते. “सोमवारी मी रजा टाकतो,” ते म्हणाले. “बँकेत जाऊन सांगून येतो, की आमची मुलगी येत नाही. तिला काम आहे.”